नागास्त्राला पॅराशूट, पेशंटला चिठ्ठी

नागपूरचं परराष्ट्र धोरण आणि आरोग्य धोरण एकाच दिवशी, एकाच रस्त्याने निघतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. काळी मारबत निघते, पिवळी निघते, मागे बडग्या नावाच्या पुतळ्यांची रांग लागते आणि अख्खं इतवारी घसा बसेपर्यंत ओरडतं की रोगराई घेऊन जा गे मारबत! काळीची परंपरा 1881 पासूनची, पिवळीची 1885 पासूनची. बडग्याला विषयाचं बंधन नाही. डेंग्यू चालतो, महागाई चालते, पाकिस्तान चालतो. 2025 मध्ये आयातशुल्क लादणारे डोनाल्डतात्याही मिरवले गेले. संसदेत आरोग्य आणि परराष्ट्र या खात्यांवरच्या चर्चेला वेळ पुरत नाही, इथे दोन्ही विषय संध्याकाळच्या आत आटोपतात.

काळ्या मारबतीमागे गोष्ट सांगतात ती परक्या फौजेचीच. इंग्रजांशी हातमिळवणी केली म्हणून बांकाबाई भोसल्यांचा हा निषेध, असं म्हणतात. बारकाईने पाहिलं तर तैनाती फौजेच्या करारावर 27 मे 1816 रोजी सही केली अप्पासाहेब भोसल्यांनी, पुतळा मात्र बाईंचा निघतो. जबाबदारी निश्चित करण्याची आपली पद्धत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. करार साधा होता: फौज इंग्रजांची, खर्च भोसल्यांचा. दीड वर्षात, नोव्हेंबर 1817 मध्ये, सीताबर्डीच्या टेकडीवर त्याच इंग्रजांनी भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. आपल्याच पैशाने आपणच हरण्याची सोय इतक्या कमी कागदात क्वचितच कुणी केली असेल.

आता फौज आपली आहे, तेव्हा तिच्यावर खर्च होतो याबद्दल तक्रार नाही. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणाला 6 लाख 81 हजार कोटी मिळाले, आरोग्य मंत्रालयाला एक लाख कोटीला थोडे कमी. यावर दिल्लीचं उत्तर तयार असतं की आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. उत्तर बरोबर आहे. म्हणूनच 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनाही सांगून ठेवलं होतं की 2020 पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक आरोग्यावर खर्च करा, आणि केंद्र-राज्य मिळून 2025 पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर जाऊ. 2020 आलं आणि गेलं. 2025 ही गेलं. धोरण अजून तरुण आहे.

सरकारला घाई करताच येत नाही असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. नागपुरात सोलर समूहाच्या इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्ह्ज या कंपनीने ‘नागास्त्र-1’ नावाचा आत्मघाती ड्रोन बनवला. सैन्याने आणीबाणीच्या खरेदीच्या अधिकारात 480 मागवले आणि जून 2024 मध्ये पहिले 120 मिळालेही. हे नागास्त्र दोन मीटरच्या अचूकतेने लक्ष्य गाठतं. सगळ्यात देखणी गोष्ट पुढे आहे: ऐनवेळी मोहीम रद्द झाली तर ते परत बोलावता येतं, पॅराशूटने अलगद उतरवता येतं आणि पुन्हा वापरता येतं.

आता औषधं. 2017 मध्ये राज्याने ठरवलं की सरकारी दवाखान्यांची खरेदी हाफकिनमार्फत एकत्र होईल. लस बनवण्याचा लौकिक असलेल्या संस्थेला दुकानदारी दिली. ती जमत नाही हे लक्षात आल्यावर 2023 मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण काढलं. मधल्या सहा वर्षांत पेशंटच्या नातेवाइकाच्या हातात काय होतं? चिठ्ठी. "हे बाहेरून आणा." चिठ्ठीची अचूकता मात्र वादातीत आहे, ती थेट समोरच्या मेडिकल स्टोअरवर जाऊन पडते.

त्याच 2023 च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत 24 मृत्यू झाले, त्यांत 12 नवजात बाळं होती. पाठोपाठ नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन सरकारी रुग्णालयांत मिळून चोवीस तासांत 25. नागपुरात खुलासा आला की पेशंट शेवटच्या अवस्थेत खासगीतून पाठवले जातात. हे खरंही असेल. विदर्भच नव्हे, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणातली माणसंही पैसे संपल्यावर मेडिकलच्याच दारात येतात. नांदेडला एका खासदारांनी यावर तातडीचा उपाय केला: अधिष्ठात्यांच्या हातात झाडू दिला आणि शौचालय साफ करवून घेतलं. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली ती नंतर.

या सगळ्यात सरकारचं कौशल्य पाहायचं असेल तर राज्याच्या आरोग्य योजनेच्या नावात पाहावं. 1997 मध्ये युतीच्या राज्यात ‘जीवनदायी’ आली. 2012 मध्ये ती ‘राजीव गांधी जीवनदायी’ झाली, आणि नोव्हेंबर 2013 मध्ये सोनिया गांधींच्या हस्ते नागपुरातूनच राज्यभर गेली. 2017 मध्ये ती ‘महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य’ झाली. 2018 मध्ये वरून ‘प्रधानमंत्री जन आरोग्य’ आली, 2020 मध्ये दोघींचा संसार एकत्र झाला. 2023 मध्ये दीड लाखाचं संरक्षण पाच लाखांचं करून सर्व नागरिकांना लागू करण्याचा निर्णय निघाला. हे शेवटचं पाऊल मोठं आहे आणि त्याचं श्रेय द्यायला हरकत नाही. पण कागदावर पाच लाख असलेल्या माणसाला पलंग लागतो, पलंगाला नर्स लागते, आणि या दोन्ही गोष्टींचं नामांतर करता येत नाही. मेयोचं तेच झालं. इंदिरा गांधींचं नाव दिलं, तरी रिक्षावाला "मेयो का जी?" असंच विचारतो. अंदमानात 1872 मध्ये मारल्या गेलेल्या व्हाइसरॉयला एवढी निष्ठा लाभेल असं लंडनलाही वाटलं नसेल.

खरं तर आराखडा आपल्याकडे 1946 पासून पडलेला आहे, आणि तो केला नाशकात जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने. समिती नेमली 1943 मध्ये, ऐन महायुद्धात. व्हाइसरॉयने कुणाला न विचारता देश युद्धात ढकलला होता आणि पुढे पंचवीस लाख हिंदी सैनिक ब्रह्मदेशापासून इटलीपर्यंत परक्यांची लढाई लढले. भोर समितीने लिहिलं की पैसे नाहीत म्हणून कुणाला उपचार नाकारले जाऊ नयेत, चाळीस हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं, सरकारी खर्चाचे पंधरा टक्के आरोग्यावर जावेत. युद्ध संपल्यावर इंग्लंडने 5 जुलै 1948 रोजी आपल्या नागरिकांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली. आपल्या वाट्याला अहवाल आला.

परक्या लढाईत नागपूरकर आपल्या मर्जीनेही एकदा गेला होता. 1938 मध्ये जपानशी झुंजणाऱ्या चीनला काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. सोलापूरचे कोटणीस सर्वांना आठवतात, त्याच पथकातले नागपूरचे डॉ. चोळकर नागपूरकरांनाही सांगावे लागतात. आता नागपूरची ओळख पिनाका रॉकेटची आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये संरक्षण मंत्रालयाने त्यासाठी 10,147 कोटींचे करार केले, त्यांतला एक वाटेकरी नागपूरचाच. अर्मेनियाने 2022 मध्येच पिनाका मागवलं होतं.

शेजारच्या भंडाऱ्यावर विनोद करता येत नाही. 9 जानेवारी 2021 ला जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली, दहा बाळं गेली. 24 जानेवारी 2025 ला तिथल्याच आयुध निर्माणीत स्फोट झाला, आठ कामगार गेले. मधल्या डिसेंबर 2023 मध्ये नागपूरजवळच्या बाजारगावच्या सोलर कारखान्यात नऊ जण गेले, त्यांत सहा बाया होत्या. तेव्हा नागपुरात हिवाळी अधिवेशन चालू होतं आणि अख्खं मंत्रिमंडळ गावात होतं.

येत्या अधिवेशनापूर्वी योजनेला नवं नाव येईलच. तोवर वाचकांनी एवढं करावं: दवाखान्यात जाताना रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, काउंटरवर आधी योजनेचा आरोग्यमित्र कुठे आहे ते विचारा, कुणी पैसे मागितले तर 155388 वर फोन लावा. योजनेचं चालू नाव आठवलं नाही तर नुसतं "जीवनदायी" म्हणा. काउंटरवरच्या माणसाला तेच पटकन समजतं.