राखेचा स्वार्थ

भुसावळजवळच्या दीपनगरात वीज तयार होते आणि राख उरते. आपल्या कोळशात राखच तीस-चाळीस टक्के; त्यामुळे 500 मेगावॅटचे संच फिरू लागले की राखेला काय तोटा! पूर्वी तिला कोणी विचारत नसे. पुढे 1999 मध्ये केंद्राने राखेच्या वापराची अधिसूचना काढली, सिमेंटला नि विटांना राख चालते हे धंद्याच्या ध्यानात आलं, आणि कालचा कचरा आज माल झाला.

आयन रँडबाई पाहायला हव्या होत्या. स्वार्थ हा सद्गुण, असं त्यांनी 1964 सालीच पुस्तकाच्या नावात सांगून ठेवलंय. ज्याने त्याने आपलं हित पाहिलं. राख उचलली गेली की नाही?

गेली. फक्त डंपरवर ताडपत्री बांधायला पाच मिनिटं लागतात, आणि त्या पाच मिनिटांत डंपरवाल्याचं हित कुठेच बसत नाही. हित असतं ते रस्त्याकडेच्या आजीचं. तिच्या खाटेवर वाळत घातलेल्या बिबड्यांवर करडी साय धरते. तिनेही खुशाल स्वार्थ पाहावा. पण तिच्याकडे डंपर नाही.

यावर स्वार्थवादी म्हणतात, दूरदृष्टीचा स्वार्थी ताडपत्री बांधतोच. अगदी खरं. नाक्यावर साहेब उभे असले की ही दूरदृष्टी लांबूनच दिसते. साहेब जेवायला गेले, की ताडपत्रीबरोबर तीही गुंडाळून ठेवतात.