मधूनच लागलेला सिनेमा

काही सिनेमे आमच्या घरात कुणीही सुरुवातीपासून पाहिलेले नाहीत. रविवारची जेवणं झालेली, आई ओट्याशी, बाबा तोंडावर वर्तमानपत्र घेऊन सोफ्यावर आणि टीव्हीवर काहीतरी आधीच चाललेलं. हे 'काहीतरी' म्हणजे बहुतेकदा एक अवाढव्य कुत्रा असे. चिखलात माखून तो थेट मालकाच्या झोपायच्या खोलीत शिरे आणि सर्वांग झाडे. गादी, भिंती, पडदे, काही म्हणून शिल्लक राहत नसे. नेमक्या त्याच वेळी वर्तमानपत्र बाजूला होई. "पाहिलंस? म्हणून कुत्रा नको म्हणतो मी." एवढं बोलून बाबा पुन्हा कागदाआड. पण शेवट जवळ आला की कागदामागून हमखास प्रश्न यायचा, "ते कुत्रं मरत नाही ना रे?" तोच सिनेमा चौथ्यांदा लागलेला असला, तरीही.

तो 'बीथोव्हन', १९९२ सालचा. दिग्दर्शक ब्रायन लेव्हान्ट. हे नाव मला परवापरवा कळलं. दिग्दर्शकाचं नाव सिनेमाच्या सुरुवातीला येतं आणि सुरुवात आमच्या नशिबात नव्हती. नाव कळल्यावर यादी पाहिली तर या गृहस्थांनी आमचे कितीतरी रविवार खाल्लेले! 'द फ्लिंटस्टोन्स', श्वार्झनेगरचा 'जिंगल ऑल द वे', बर्फातल्या कुत्र्यांचा 'स्नो डॉग्ज', 'आर वी देअर येट?', जॅकी चॅनचा 'द स्पाय नेक्स्ट डोअर'. सगळे पाहिलेले, सगळे अर्धे.

लेव्हान्ट मुळात टीव्हीतला माणूस. 'हॅपी डेज', 'मॉर्क अँड मिंडी' अशा विनोदी मालिकांचं लेखन आणि निर्मिती करत तो घडला. या मालिकांचा कर्ता गॅरी मार्शल, त्याची ही पाठशाळा. तिथे अडचणीतून वाट कशी काढत, त्याची एक गोष्ट आहे, लेव्हान्ट तिथे येण्याआधीची. 'हॅपी डेज'मधल्या फॉन्झीने चामड्याचं जाकीट घालायला वाहिनीचा विरोध होता. पोरगा गुंड वाटेल म्हणे. मोटारसायकलजवळ असेल तेव्हाच जाकीट चालेल, कारण तिथे ते सुरक्षेसाठी असतं, असं शेवटी ठरलं. मग काय, फॉन्झी जिथे जाईल तिथे मोटारसायकल! हेडक्लार्कने एका नियमावर बोट ठेवावं आणि पक्षकाराने त्याच नियमाच्या आधाराने फाइल पुढे सरकवावी, तसला हा प्रकार.

पण टीव्हीची विनोदी मालिका आणि घरच्यांनी मिळून बघायचा सिनेमा यांत एक मोठी अडचण आहे. मालिकेत कुणी सुधारून चालत नाही. आपल्या 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मालिकेतले आबा एखाद्या भागात अचानक शहाण्यासारखे गप्प बसले असते, तर पुढच्या भागाचं काय झालं असतं? सिनेमात मात्र दीड तासात बाप सुधारावाच लागतो. वीसबावीस मिनिटांत सगळं होतं तिथे ठेवायची सवय झालेल्या माणसाला हे कसं जमलं असेल, याचं मला कुतूहल आहे. मला वाटतं, त्याने बापाचा धंदा पकडून ठेवला.

धंदेच बघा. 'बीथोव्हन'मधल्या बापाची हवा सुगंधी करणारी उत्पादनं बनवायची कंपनी आहे, आणि नशिबी काय, तर शंभर किलोच्या घरातला लाळ गाळणारा प्राणी. 'जिंगल'मधला बाप गाद्या विकतो, पण त्यालाच क्षणाची झोप नाही. 'स्नो डॉग्ज'चा नायक मायामीतला दातांचा डॉक्टर, त्याला वारशात अलास्कातले दात विचकणारे कुत्रे मिळतात. जॅकी चॅन गुप्तहेर आहे, पण शेजारपाजारी सांगतो काय, तर पेनं आयात करतो. या कथा लेव्हान्टच्या स्वतःच्या नाहीत, हे कबूल. पण अशी माणसं त्याच्याकडेच का जमत गेली? मालिकावाल्याला माणूस आधी त्याच्या दुकानातून दिसत असावा.

'फ्लिंटस्टोन्स'च्या पटकथेला तीसहून जास्त लेखकांचे हात लागले म्हणतात. पडद्यावर नावं तिघांची. मांडवातल्या आमटीसारखं झालं असणार, येणारा जाणारा प्रत्येकजण चिमूटभर मीठ टाकून गेला. १९९४ सालचं सर्वांत वाईट पटकथेचं रॅझी पारितोषिक या सिनेमाला मिळालं आणि जगभरातून सुमारे ३४ कोटी डॉलरही मिळाले. समीक्षकांचं या माणसाशी कधीच जमलं नाही. समीक्षक सिनेमा पहिल्यापासून पाहतात, त्याचा हा परिणाम असेल.

मला जवळचा मात्र 'जिंगल ऑल द वे'. लेव्हान्ट स्वतः जुन्या खेळण्यांचा मोठा संग्राहक, तेव्हा खेळण्यापायी वेडा होणारा बाप त्याला शिकवावा लागला नसणार. नाताळच्या आदल्या दिवशी श्वार्झनेगर 'टर्बोमॅन' नावाचं बाहुलं शोधत दुकानं पालथी घालतो आणि दुकानातली पोरं त्याला फिदीफिदी हसतात. हे मी पाहिलेलं आहे, सिनेमाच्या आधी. वसुबारसेच्या संध्याकाळी माझा किल्ला तयार होता, हळीव उगवले होते, मावळे उभे होते, फक्त महाराज आणायचे राहिले होते. बाबांनी ऑफिसातून येताना आणतो असं दोनदा सांगितलं होतं आणि दोनदा विसरले होते. त्या दिवशी ते ऑफिसची बॅग खांद्याला लावून मंडईपासून कसब्यातल्या कुंभारवाड्यापर्यंत फिरले. "महाराज संपले साहेब, आता पुढच्या वर्षी," असं एकाने हसत सांगितलं म्हणे. रात्री नऊला दार वाजलं. बाबांनी बॅगेतून वर्तमानपत्राची पुरचुंडी काढली, हलकेच सोडली. आत गवळण. डोक्यावर दोन हंडे.

आई पदर तोंडाला लावून आत गेली. बाबांनी गवळण सिंहासनावर ठेवली, मान तिरपी करून पाहिलं आणि म्हणाले, "असू दे. महाराज मोहिमेवर गेलेत."

त्या दिवाळीत आमच्या गडावर चार दिवस गवळणीचं राज्य होतं. तोरणा, पन्हाळा, सगळीकडे दुधाची चंगळ.

गेल्या महिन्यात ठरवून, मोबाइलवर, 'बीथोव्हन' अगदी सुरुवातीपासून लावला. पिल्लं, दुकान, चोर, सगळं नवीन. शेजारी बाबा होते, आता वर्तमानपत्र नसतं, चष्माच कपाळावर असतो. दिग्दर्शकाचं नाव येणार म्हणून मी सावरून बसलो, तेवढ्यात आतून आईने हाक मारली, गॅस संपला होता. सिलिंडर बदलून आलो तेव्हा कुत्रा खोलीत शिरला होता.

"थांबवायचं नाही का बाबा?"

"मला काय माहीत कुठे दाबायचं," बाबा म्हणाले. "बस आता. अंग झाडतोय बघ."