शेडचा ताप

लोणावळ्याला निघालेले पाहुणे वाटेत आमच्याकडे डोकावले की एक वाक्य हमखास टाकतात. "तुमचं बरंय बुवा, मावळात राहता, बारा महिने गारवा!" हे वाक्य मी एप्रिलमध्ये, दुपारी दोन वाजता, बनियनवर, हातात स्क्वीजी धरून ऐकलेलं आहे. तळेगावहून इंद्रायणी ओलांडली की आमचं आंबी लागतं. गारवा असलाच तर तो नदीत असेल, नाहीतर पाहुण्यांच्या गाडीत. माझी स्क्रीन प्रिंटिंगची शेड पत्र्याची आहे आणि आपण मावळात आहोत हे त्या पत्र्याला कुणी सांगितलेलं नाही.

त्या एप्रिलात पाचशे कापडी पिशव्यांचं काम आलं. हिरव्या रंगात भाताची लोंबी आणि खाली लाल अक्षरांत 'इंद्रायणी तांदूळ, आंबी, ता. मावळ'. गिऱ्हाईक तांदळाचं अभिमानी. आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून आपल्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात हे वाण झालं, १९८७ साली बाहेर पडलं, हे त्याने मला ॲडव्हान्स देण्याआधी सांगितलं. ॲडव्हान्स दिल्यावर पुन्हा सांगितलं. मी मान डोलावत मनात मजकूर मोजत होतो. अक्षरं मोठी, रंग दोनच. डोळे मिटून होणारं काम.

डोळे मिटूनच केलं बहुतेक. वीस पिशव्या दोरीवर वाळत पडल्यावर भाचा म्हणाला, "मामा, हे 'इद्रायणी तादूळ' काय आहे?"

जवळ जाऊन पाहिलं. इद्रायणी. तादूळ. आबी. तीन शब्दांचे तीन अनुस्वार गायब. १९६२ साली साहित्य महामंडळाच्या नियमांनी मराठीतले अनुस्वार काढले म्हणतात, पण ते न उच्चारले जाणारे. उच्चारले जाणारे माझ्या शेडने काढून टाकले होते.

गिऱ्हाईक नेमकं तेव्हाच उगवलं. पिशवी हातात धरून बराच वेळ बघत राहिलं. "भाऊ, तांदूळ राहू द्या एक वेळ. आमचं गाव कुठं गेलं?"

आता हे होतं कसं ते सांगतो. लाकडी चौकटीवर जाळी ताणलेली असते. तिच्यावर इमल्शनचा थर ओढायचा, अंधारात वाळवायचा, वर मजकुराची पॉझिटिव्ह ठेवून दिवे लावायचे. उजेड लागतो तिथला थर पक्का होतो, अक्षराखालचा कच्चा राहतो आणि पाणी मारलं की निघून जातो. याला आम्ही 'स्क्रीन उघडली' म्हणतो. माझे अनुस्वार उघडले नव्हते. स्क्रीन पुन्हा बनवली, पुन्हा नाहीत. तेव्हा गाड्या धुवायचा पंप आणून जोरात फवारा मारला. अनुस्वार उघडला. सोबत 'द्रा'ही उघडला.

मग मी तपास सुरू केला. तपास म्हणजे काय, एकेकाला फोन करून भांडणं. पहिला नंबर पुण्यातल्या इमल्शनवाल्याचा. तो म्हणाला, "त्याच डब्यातला माल दहा जणांनी नेलाय, दहाही जणांचे अनुस्वार शाबूत आहेत." दुसरा नंबर सुताराचा, कारण एव्हाना चौकटही बिघडली होती. टेबलावर ठेवली की तीन कोपरे टेकायचे, चौथा हवेत. एका कोपऱ्यावर बोट दाबलं की समोरचा उठायचा, गावच्या सभेसारखा. सुतार आला, चौकट डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटला आणि म्हणाला, "लाकूड जिवंत असतंय, मालक." जिवंत लाकडाला मी काय खाऊ घालतो, असाच त्याचा सूर होता. तिसरा नंबर भाच्याचा. त्याच्याबाबतीत पुरावा लागत नाही.

जाळीही ढिली पडली होती. नीट ताणलेल्या स्क्रीनवर टिचकी मारली की टण्ण आवाज येतो. माझी ढब ढब करत होती. ढिली जाळी स्क्वीजीच्या रबराबरोबर पुढे सरकते आणि रंग हलतो, त्यामुळे लोंबी खाली उतरून अक्षरांवर वाकली होती, जणू काय लिहिलंय ते तीही वाचत होती.

इथे आमचे चुलते मधे पडले. त्यांनी उभी हयात जत्रेत हलगी वाजवली. त्यांनी टिचकी ऐकली आणि निदान केलं, "वादी थंड पडलीय. शेकव." हलगी वाजवण्याआधी पाचटाच्या जाळावर शेकवतात, कातड्यातली ओल उडते आणि ते ताणतं, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. तर्क मला पटला. याचं मला आजही वाईट वाटतं. एका मित्राकडून वायरवरच्या ट्यूबा आकसवायची हीट गन आणली आणि जाळीच्या मधोमध धरली.

जाळी ताणली, हे कबूल करायला हवं. साधारण दोन सेकंद. मग पापड निखाऱ्यावर धरल्यासारखी ती आक्रसली, मधे एक सुरकुती धावली आणि रुपयाएवढं भोक पडलं. भोकाची कड तपकिरी आणि टणक, नायलॉनची दोरी सुटू नये म्हणून टोक जाळतो ना, तसा मणी. पॉलिएस्टर अडीचशे-दोनशे साठ अंशांच्या आसपास वितळतं आणि हीट गनचं तोंड त्याहून कितीतरी तापतं. कातडं आणि पॉलिएस्टर यांचं गोत्र एक नाही. चुलते म्हणाले, "लई जवळ धरलीस."

दारात उभी असलेली आई म्हणाली, "चाळण कुणी तापवतं का रे?" माझ्या स्क्रीनला ती पहिल्यापासून चाळणच म्हणते, आणि तिचं बरोबर निघालं. या जाळीला बाजारात बोल्टिंग म्हणतात, ते मूळचं पीठ चाळायचं कापड. स्वित्झर्लंडात गिरण्यांसाठी रेशमाचं विणायचे. १९०७ साली मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमनने ते चौकटीवर ताणून छपाई करायचं पेटंट घेतलं. आईला यातलं काही माहीत नाही. तिला चाळण ओळखू येते.

खरा गुन्हेगार सापडला तो बायकोमुळे. शेडमध्ये चहा घेऊन आली, कप ठेवला आणि म्हणाली, "अहो, इथं माणूस शिजेल, तुमच्या त्या खळीचं काय होत असेल?" मी म्हटलं, शेडमध्ये अंधार असतो, अंधारात इमल्शनला काही होत नाही. ती घरात गेली आणि ताप मोजायचा पाऱ्याचा थर्मामीटर घेऊन आली. खिळ्याला टांगला. पाच मिनिटांनी पारा शेवटच्या रेघेवर, १०८. पुढे नळीच संपते. आई म्हणाली, "एकशे आठ झालं असेल तर एकशे आठलाच फोन लावा, गाडी पाठवतील."

गाडी नको होती, अक्कल हवी होती. इमल्शन उजेडाने पक्कं होतं, तसं उष्णतेनेही होतं, फक्त हळूहळू आणि अंधारात. चाळीसच्या वर तापलेल्या शेडमध्ये मी थर दिलेली स्क्रीन रात्रीपर्यंत ठेवत होतो. दिवे लावायच्या आधीच ती अर्धी शिजलेली असायची. जाड अक्षरं कशीबशी उघडायची, टिंबांचा जीव केवढा! आणि धुतलेली स्क्रीन लवकर वाळावी म्हणून मी काय करायचो, तर पत्र्यावर टाकायचो. वरून ऊन, खालून तापलेला पत्रा, चौकट ओली. लाकूड उष्णतेने फारसं वाढत नाही, पण एका बाजूची ओल आधी उडाली की पिळतं. जाळी चिकटवलेला गोंद मऊ पडतो आणि ताणलेली जाळी कोपऱ्यातून हळूच सरकते. म्हणजे इमल्शन, चौकट आणि जाळी, तिन्हींची वाट एकाच पत्र्यावर लागत होती. पुण्यातला माणूस, सुतार आणि भाचा निर्दोष सुटले. भाच्याची माफी अजून बाकी आहे.

मग ॲल्युमिनियमच्या दोन चौकटी घेतल्या. त्या पिळत नाहीत. उन्हात वाढतात थोड्या, पण मीटरभर पट्टी वीस अंश जास्त तापली तर अर्धा मिलिमीटरही वाढत नाही, आणि लोंबीला तेवढं चालतं. थर दिलेली स्क्रीन आता मधल्या खोलीत, पडदे ओढून, पंख्याखाली आडवी वाळते. तिथं आई दुपारची झोपते. इमल्शनचा डबा फ्रीजमध्ये ठेवायचा प्रस्ताव मात्र बायकोने एका शब्दात फेटाळला. तो शब्द 'विष' हा होता. डबा माठाखालच्या ओल्या वाळूत गेला. छपाई पहाटे पाच ते नऊ. त्यानंतर शाई जाळीतच वाळायला लागते आणि मीही.

पाचशे पिशव्या गेल्या, सगळ्या अनुस्वारांसकट. 'आबी'च्या वीस घरात राहिल्या. त्यांतून भाजी येते.

जूनला पाऊस लागला. आता उलटाच तमाशा. थर दिलेली स्क्रीन दोन-दोन दिवस वाळत नाही, बोट लावलं की चिकटतं, आणि मी पत्र्याकडे आशेने बघत बसतो. त्यातच एके दिवशी आईला कणकण वाटायला लागली. बायकोने कपाटातून थर्मामीटर काढला, तोंडात घालायच्या आधी खिडकीपाशी धरला आणि थबकली. पारा १०८ वरच. एप्रिलपासून तो कुणी झटकलाच नव्हता.

आईने पांघरुणातून मान काढून विचारलं, "माझा, का शेडचा?"