हवा शंभर, पाणी शून्य

ट्रायथलॉनला तीन गोष्टी लागतात. पाणी, रस्ता आणि गुडघे. यातला रस्ता माण तालुक्यात भरपूर आहे. गुडघे ज्याचे त्यानं घरून आणायचे. पाण्याचं मात्र पाटबंधारे खात्याला विचारावं लागतं.

हे ठाऊक असूनही मी सरावाला म्हसवड गाठलं, ते आमच्या पुण्यातल्या प्रशिक्षकामुळं. पोरगा वयानं माझ्या निम्मा, पण अधिकारवाणी हेडमास्तरांची. "काका, एसीत बसून पेडल मारून कोल्हापूर होत नाही. ऊन, वारा आणि चढ अंगात मुरला पाहिजे." कोल्हापूर म्हणजे तिथली अर्ध्या पल्ल्याची ट्रायथलॉन. राजाराम तलावात १.९ किलोमीटर पोहायचं, ओल्या अंगानं ९० किलोमीटर सायकल हाणायची आणि एवढं करून जीव राहिला तर २१.१ किलोमीटर पळायचं. बेरीज ११३ किलोमीटर. ऊन, वारा, चढ तिन्ही एका जागी आणि वर राहणं-जेवण फुकट, असं गाव माझ्या माहितीत एकच. म्हसवडला आमचे साडू राहतात.

या खेळाचं मूळ एका भांडणात आहे. पोहणारा, पळणारा आणि सायकलवाला, यांच्यात खरा दमदार कोण, असा वाद हवाईतल्या ओआहू बेटावर पेटला. तिथल्या एका नौदल अधिकाऱ्यानं तोडगा काढला की बेटावरच्या तिन्ही शर्यती एकाच दिवसात, एकामागोमाग करा. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन. १८ फेब्रुवारी १९७८ला १५ जण उतरले, १२ जण पोचले. असले वाद आपल्याकडं पारावर रोज निघतात, पण चहा आला की मिटतात. त्यांच्याकडं त्या दिवशी चहा उशिरा आला असावा, त्याची फळं आता जग भोगतंय.

पुण्याला डाळिंबं उतरवून मोकळा परतणारा एक टेम्पो साडूंनीच ठरवून दिला होता. ड्रायव्हरनं एका हातानं सायकल उचलली आणि दचकून पुन्हा खाली ठेवली.

"पोकळ हाय का काय?"

"कार्बनची आहे. साडेआठ किलो."

"केवढ्याला?"

घरी जो आकडा सांगितलाय तोच मी त्याला सांगितला. खरा आकडा मला आणि दुकानदारालाच माहीत आहे.

"एवढ्यात जुनी हिरो होंडा येती की! प्याट्रोल टाकलं की पळती."

"हिला पेट्रोल लागत नाही."

"मग पळती कशावर?"

"माझ्यावर."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पुढं फलटण येईपर्यंत तो फक्त डाळिंबावरच्या तेल्या रोगाबद्दल बोलला.

माणदेशात सायकल तयार करायची म्हणजे मुख्यतः सराट्यांशी वाटाघाटी करायच्या. सराटा ही जमिनीलगत पसरणारी वेल. पिवळं फूल एवढं गोजिरं की कुणाला संशय येऊ नये. फळ वाळलं की त्याचे तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्याची घडण अशी, की तो कसाही पडो, एक टोक आभाळाकडं राहतंच. पाऊस पडला की वेल फोफावते, पाऊस गेला की काटे पिकतात. त्यातून माणचा पाऊस म्हणजे सह्याद्रीला अडून उरलेलं. तिथं महाबळेश्वर कुजत असतं तेव्हा इकडं माणसं हात कपाळावर धरून ढगांना निरोप देत असतात. तेवढ्या पाण्यावर दुसरं काही येवो न येवो, सराटा येतो. त्याच्या जोडीला बांधाबांधावर वेडी बाभूळ आहेच. ती सराट्यांतून वाचलेल्यांसाठी.

गोंदवल्याच्या वाटेवर मागचं चाक बसलं. पंक्चरचं दुकान समोरच होतं. अशी दुकानं कुठं टाकायची याचं शास्त्र त्या लोकांना पक्कं कळतं. मिस्त्रींनी टायर सोडवला, ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबली, बुडबुडा हेरला, तिथं काडी टोचून खूण केली. मग कानस, मग सोल्यूशन, आणि सोल्यूशन सुकेस्तोवर माझी चौकशी. गाव, नोकरी, पगार, मुलं किती, ती काय करतात. ठिगळ ठोकून झाल्यावर मी टायर चढवायला घेतला तसा त्यांनी माझा हात धरला. अंगठ्याला फडकं गुंडाळून टायरच्या आतून सावकाश एक फेरी मारली. मग दुसरी. फडक्याला अडकून आणखी दोन सराटे बाहेर आले.

"सराटा एकटा हिंडत न्हाई, पावनं. एक घावला म्हनून उठायचं न्हाई."

पुण्यात सायकलच्या निगराणीवर पैसे भरून दोन दिवसांचं शिबिर केलं होतं, त्यात हे वाक्य नव्हतं. बाकड्यावरच्या एका आजोबांनी त्यात भर घातली. काटा दिसला तरी वाटेत उपसायचा नाही, तोच बूच असतो, तसंच घर गाठायचं. हेही शिबिरात नव्हतं.

अडचण आली ती हवेची. माझ्या ट्यूबचा वॉल फ्रेंच. बारीक, लांब, तोंडाशी इवलासा पितळी पेच. तो सैल केल्याशिवाय आत काही शिरत नाही. मिस्त्रींनी तो चष्मा वर करून पाहिला, मग चष्मा खाली करून पाहिला. मी पिशवीतून जोडटोपी काढून बसवली.

"किती सोडू?"

"शंभर."

"शंभर?" त्यांनी कॉम्प्रेसरची नळी खाली ठेवली. "आवं, ट्रॅक्टरच्या मागल्या चाकाला मी पंधरा-वीस सोडतो. ह्ये बोटभर रबार. फुटून काय झालं तर पोलीस मलाच धरत्यात."

टायर जेवढा बारीक तेवढी हवा जास्त लागते, एरवी खड्ड्यात रिम ट्यूबला चिमटा काढते, हे मी समजावून सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, बाकड्यावरची मंडळी उठवून भिंतीआड पाठवली, स्वतः खांबामागं उभं राहून हात तेवढा लांब केला आणि हवा सोडली. काटा शंभरला टेकला. कोणी मेलं नाही. भिंतीआडून निघालेल्या मंडळींच्या चेहऱ्यावर थोडी निराशा दिसली.

सायकलची सोय झाली, आता पाण्याची. आंधळीच्या धरणात कृष्णेचं पाणी आता उचलून आणतात, जिहे-कठापूर योजनेतून. उरमोडीचंही पाणी तालुक्यात येतं. टाकेवाडीसारख्या गावानं डोंगरउतारावर चर खोदून २०१८चा वॉटर कप पहिल्या नंबरानं जिंकला. सांगायचा मुद्दा, पाणी या भागात येतं ते कुणाच्या तरी घामानं किंवा कुणाच्या तरी आवर्तनानं, आणि त्या वेळापत्रकात माझा सराव कुठंच नव्हता. साडूंनी मग ओळखीतली एक विहीर काढून दिली. चाळीस फुटी, म्हणजे आरपार १२ मीटर. राजाराम तलावातलं अंतर काढायचं तर १५८ वेळा आरपार जावं लागेल, असा हिशेब मी काठावर उभ्यानं केला. विहिरीचे मालक म्हणाले, "त्यापरीस गोल फिरा की. आमचा बैल मोटंला तसाच फिरायचा." मोटेचा बैल गोल फिरत नाही, पुढं-मागं जातो, अशी दुरुस्ती साडूंनी केली आणि दोघांची जुंपली. मी सूर मारला.

पोहणं छान चाललं होतं. पाणी गार, वर निळं वर्तुळ, कडेनं पारव्यांची घरटी. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की पारवे आता उंच दिसतायत. मी ज्या पायरीवरून उतरलो होतो तीही डोक्यावर गेली होती. कुठूनतरी घुर्रर्र असा आवाज येत होता.

"मालक, मोटर चालू आहे काय?" मी खालून ओरडलो.

"व्हय, लाइट आली न्हवं का आत्ता!"

"जरा बंद करता का?"

"आवं, थ्री-फेज दुपारी जातीया! तुमी पवा निवांत, अजून पुरसभर हाय!"

कोणत्याही प्रशिक्षकानं असला सराव दिला नसेल. हात मारतोय पुढं आणि जातोय खाली. शेवटी पाइप धरून वर आलो. मालकांनी कौतुकानं सांगितलं, कांद्याचे तीन वाफे भिजले.

पळण्याबद्दल लिहिण्यात अर्थ नाही, कारण म्हसवडला पहाटे मी ज्या रस्त्यानं पळायचो त्याच रस्त्यानं शाळेतल्या मुली पळतात, आणि त्या पुढं निघून जाताना "काका, बाजूला" म्हणतात. याच तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ला रिओ ऑलिंपिकच्या ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली. प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद, त्या वेळचा राष्ट्रीय विक्रम. अंतिम फेरीत दहावी. पी. टी. उषानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी दुसरी भारतीय बाई. या शर्यतीत सात वेळा पाण्यावरून उडी मारावी लागते. उडी मारायला आधी जिथं टँकर बोलवावा लागतो त्या मुलखातून ही खेळाडू निघाली, हे मला अजूनही नीट पचलेलं नाही.

पचायच्या बाबतीत बाकी तक्रार नाही. मेव्हणीनं पहिल्याच दिवशी माझी जेलची पाकिटं पाहिली, एक चाटून बघितलं आणि न बोलता फडताळात औषधांशेजारी ठेवली. त्या जागी हुलग्याचं माडगं सुरू झालं. हुलगे घोड्याला घालतात, मी म्हणालो. "म्हणूनच," ती म्हणाली. गोंदवल्याला महाराजांच्या समाधीचं दर्शन घेऊन दुपारच्या पंगतीला बसलो, तेव्हा आमटी-भात वाढणाऱ्यांनी माझ्या चड्डीकडं आणि पोटरीकडं पाहून न विचारताच दुसरी मूद घातली. शर्यतीआधी भात खाऊन साठा करावा असं इंग्रजी पुस्तकांत पानंच्या पानं आहे. इथं ते वाढप्याला बघूनच कळतं.

चढासाठी शिखर शिंगणापूर. रस्त्याचा चढ मी सगळ्यात हलक्या गिअरवर, तोंड उघडं टाकून चढलो आणि वर पोचल्यावर नारळाच्या दुकानदाराला विचारलं, चढ फार आहे नाही? त्यानं मला मुंगी घाटाची दिशा दाखवली. चैत्रात सासवडहून तेल्या भुत्याची कावड येते, ती त्या कड्यावरून वर चढते. पाण्यानं भरलेली, माणसांच्या खांद्यावर, एकमेकांचे हात धरून केलेल्या साखळीच्या जोरावर. माझ्या सायकलला दोन बाटल्या होत्या, त्यातली एक मी वजन होतं म्हणून खालीच रिकामी करून आलो होतो. त्याला हे सांगितलं नाही.

उरला तो मोकळ्या पाण्यातला सराव. शर्यतीत एकदम शेकडो जण पाण्यात घुसतात, लाथा बसतात, गॉगल निसटतात. याची सवय विहिरीत होत नाही. साडूंनी राजेवाडीच्या तलावावर नेलं. इंग्रजांच्या काळातला मोठा तलाव, माण आणि आटपाडीच्या शिवेवर. पोहताना मधेच कुठंतरी सातारा संपून सांगली लागते, असं साडू म्हणाले. काठावर एक अण्णा आपला शर्यतीचा खोंड घेऊन आले होते. कोसा खिल्लार, शिंगं मागं वळलेली, अंगावर माशी बसली तर घसरावी. माणदेश हे खिल्लारचं माहेर, आणि खरसुंडीच्या बाजारात असा खोंड उभा राहिला की माणसं चपला काढल्यागत बोलतात.

"बैलाला पोहायला आणलंय?" मी विचारलं.

"दम वाढतोय. छाती धरती. सकाळी पळाया, दुपारी पवाया. उडीद, पेंड, दूध, अंडी. मैदानाच्या आधी दोन दिस नुसता उभा ठिवायचा."

प्रशिक्षकानं मला छापील तक्ता दिला होता. त्यातही हेच होतं, फक्त अंडी उकडलेली.

"तुमी कशात?" अण्णांनी विचारलं. "आदत, दुसा का ओपन?"

"पंचेचाळीस ते एकोणपन्नास वयोगट."

"म्हंजी जुळलेलं," ते म्हणाले आणि त्यांची नजर माझ्या दातांकडं गेल्याचं मला स्पष्ट जाणवलं.

आम्ही दोघं एकदमच उतरलो, खोंड आणि मी. पहिल्याच दहा हातांत त्यानं मला पाणी पाजलं, गॉगल उडवला आणि नाकानं फुर्रर्र करत पुढं निघून गेला. मी काठाला लागलो तोवर अण्णांनी त्याला पोत्यानं पुसून काढला होता, झूल चढवली होती आणि पेंड पुढ्यात ठेवली होती. पाण्यातून निघाल्यापासून सायकलवर बसेपर्यंतचा वेळ शर्यतीत मोजतात. मी ओल्या पायावर मोजा चढवण्यासाठी एका पायावर उड्या मारत होतो.

"आता ह्यो घरी जाऊन झोपणार," अण्णा म्हणाले. "तुमी?"

"आता सायकल. नव्वद किलोमीटर. मग पळायचं, एकवीस."

अण्णांनी कासरा हाताला गुंडाळला. "हजार मीटरच्या वर पळवायचं न्हाई, कायदा हाय आमास्नी. २०१४ला कोर्टानं बंदच केलं हुतं, २०२१ला पुन्हा सुरू झालं ते अटी घालून. चाबूक न्हाई, टोचणी न्हाई, आन् डाक्टरचा दाखला आदी. तुमाला दाखला?"

"मीच सही करून देतो. काही बरंवाईट झालं तर जबाबदारी माझी, असं."

"बक्षीस?"

"बक्षीस नाही. मेडल देतात. फी आपणच भरायची."

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. खोंडाच्या वशिंडावर थोपटत राहिले. मग साडूंना जरा बाजूला घेऊन, पण मला ऐकू जाईल इतक्या आवाजात त्यांनी विचारलं,

"ह्यांचा मालक कोन हाय? जरा बोलायचं हुतं त्येच्याशी."