चावट कथेची रोमन सोय

विदर्भातल्या कळंबला रेल्वे पोचली फेब्रुवारी 2024 मध्ये. चावट कथा मात्र पंधराएक वर्षं आधीच जीपीआरएसवर बसून येऊन गेल्या, आणि त्याही इंग्रजी अक्षरांत. तेव्हाच्या स्वस्त फोनवर मराठी उघडलं की नुसते चौकोन दिसायचे. मग कोण्या अनामिक समाजसेवकाने वहिनी, शेजारीण आणि पावसाळी रात्र एबीसीडीत बसवली. केरळात मल्याळी पोरांची हीच सोय ‘कंबिकथा’ नावाने झाली होती. म्हणजे एवढ्या एका बाबतीत तरी विदर्भाचा अनुशेष राहिला नाही.

व्हिडिओला बॅलन्स पुरत नसे, मजकुराला पुरे. त्यातही ऑपेरा मिनी हा ब्राउझर पान आधी आपल्या सर्व्हरवर दाबून बारीक करी, मग धाडी. पोट्टं एसटी स्टँडच्या बाकावर मान खाली घालून बसे.

“काऊन बे, काय वाचून राह्यला?”

“इंग्रजी, काका.”

काका खूश! पोरगं खोटंही बोलत नव्हतं. दहावीला इंग्रजीत पस्तीसवर लोंबकळलेला हा विद्यार्थी ‘तिने दार लावलं’ की ‘टिने दार लावलं’ हे संदर्भावरून क्षणात ओळखे. स्पेलिंगला आगापिछा नाही, पूर्णविरामाचा पत्ता नाही, तरी वाचन अस्खलित. ज्यांच्याकडे नेट नव्हतं त्यांना मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळे. फोल्डरचं नाव ‘भजन’.

हेच देवनागरीत छापणाऱ्यांचं काय झालं? चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात आली. अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयाने 25 रुपये दंड ठोकला, आणि सुटायला 1969 साल अन् थेट सर्वोच्च न्यायालय लागलं. आजच्या मालिकेतल्या सासूला ती ‘श्यामा’ सोवळी वाटेल. रोमनवाल्यांसाठीही आयटी कायद्याचं कलम 67 सन 2000 पासून तयार होतंच, पण ठाण्यातल्या साहेबांनाही तो इंग्रजीचा अभ्यासच वाटला असावा.

या रोमनवाल्या लेखकांना मानधन मिळालं नाही, पुरस्कार नाही, दिवाळी अंकात जाहिरात नाही. पण वाचकाला ताटकळत ठेवण्यात ते पक्के व्यावसायिक होते. ऐन रंगात आलेल्या दुसऱ्या भागाखाली ‘पुढचा भाग लवकरच’ लिहून गडी जे गायब झाले ते झालेच. इकडे वाचकांची लग्नं झाली, पोरं शाळेत गेली. लेखकमहाशय, आता फोनवर देवनागरीही दिसते. जिथं असाल तिथून तिसरा भाग टाका बाप्पा!