महिन्याला किती?

पुण्याच्या चारी दिशांना चाकं बनतात. चाकण, शिक्रापूर, रांजणगाव, भोसरी, कुठेही जा, कोणीतरी चाक नाहीतर चाकाचा एखादा अवयव बनवत असतो. १९६१ साली निघालेल्या भारत फोर्जचे घण मुंढव्यात पडतात. १९६६ सालची एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था तर अशी मुरली, की वेताळ टेकडीच्या एका अंगाला लोक ‘एआरएआयची टेकडी’च म्हणतात. अशा गावात एका जुन्या गाडीसाठी चार चाकं बनवून घ्यायची म्हणजे सकाळी सांगावं आणि संध्याकाळी पिशवीतून घरी आणावीत, असं आमच्या साडूंना वाटलं.

साडूंना आम्ही अण्णा म्हणतो. औंधच्या आयटीआयमधून पॅटर्नमेकर होऊन निघाले आणि पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर लाकडाचे पॅटर्न घडवले. लाकडाचा पॅटर्न वाळूत दाबायचा, काढायचा, पडलेल्या पोकळीत धातू ओतायचा. निवृत्त झाल्यावर माणसं मुलांकडे अमेरिकेला जातात, नाहीतर हास्यक्लबात जातात. अण्णांनी कोणाच्या तरी गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडलेली ट्रायम्फ स्पिटफायर घेतली. मेव्हणीबाईंनी, म्हणजे आमच्या ताईंनी, त्यानंतर काही महिने अमेरिकेचं नाव काढलं नाही. पासपोर्ट मात्र रिन्यू करून ठेवला.

स्पिटफायर ही १९६२ साली इंग्लंडात निघालेली दोघांपुरती, उघड्या टपाची गाडी. नाव लढाऊ विमानाचं, इंजिन ११४७ सीसीचं आणि बैठक अशी, की सिग्नलला शेजारी पीएमपीची बस आली तर डोळ्यांसमोर तिच्या चाकाचे नट येतात. रूप इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्तीनं रेखाटलेलं. पण अंगरखा उचलून पाहिलात तर खाली ट्रायम्फ हेराल्ड. आणि हेराल्ड आपल्याकडची जुनी ओळखीची. मद्रासच्या स्टँडर्ड मोटरनं ती १९६१ पासून इथे बनवली. इंग्लंडात तिला दोन दारं होती. आपल्याकडे पुढे चार झाली, कारण आपल्याकडे गाडीत आजीही बसते. तेव्हा स्पिटफायरचे निम्मे भाग इथेच मिळतील, असा अण्णांचा हिशोब होता. तो बराचसा खराही ठरला. अडलं ते चाकापाशी.

मूळची पोलादी चाकं गंजली नव्हती, वाकडी नव्हती, फक्त कंटाळवाणी होती. अण्णांना हवी होती मॅगव्हील, म्हणजे मिश्रधातूची ओतीव अलॉय चाकं. त्यासाठी आम्ही नाना पेठेत गेलो. गाडीचा कुठलाही भाग नाना पेठेत मिळतो, फक्त तो आपल्या गाडीचा असेलच असं नाही. चाकाचे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याला पीसीडी म्हणतात. या वर्तुळाबाबत जगातल्या मोटार कंपन्यांनी एकमेकींशी कधीही बोलायचं नाही असं ठरवलेलं दिसतं. मारुती ८००चं वर्तुळ ११४.३ मिलिमीटरचं, फियाटचं ९८चं, हल्लीच्या पुष्कळ लहान गाड्यांचं १००चं. हेराल्डचं आणि म्हणून स्पिटफायरचं पावणेचार इंचांचं, म्हणजे ९५.२५.

“शंभरचं देतो ना,” दुकानदार म्हणाला. “भोकं जरा आतल्या अंगाला लांबट करून घेऊ. अडीच मिलिमीटर सरकवायचंय फक्त. अडीच मिलिमीटरनं काय होतंय, काका?”

अण्णांनी चाळीस वर्षं मिलिमीटरच्या दहाव्या भागासाठी माणसांशी अबोला धरला आहे. त्यांनी त्या दुकानदाराकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी एरवी फक्त पंगतीत वरणावर तूप वाढायचं विसरलेल्या वाढप्याच्या वाट्याला आलेली पाहिली आहे. नट चाकाला आवळून धरतो, तो नीट गोल भोकाच्या उतारावर बसला तरच. लांबट भोकात तो एका बाजूला टेकतो, सैल होतो आणि मग चाक गाडीच्या पुढे निघून जातं. स्पोर्ट्स कारला चाकानं मागे टाकणं शोभत नाही.

मग अण्णा मोठ्या कारखान्याकडे वळले. कुठल्या ते सांगत नाही. ओळख काढून, इस्त्रीचा शर्ट घालून, ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन आम्ही एका वातानुकूलित खोलीत बसलो. समोरचा मुलगा फार सभ्य होता. त्यानं चहा दिला, ड्रॉइंगचं कौतुक केलं आणि लॅपटॉप उघडला.

“सर, महिन्याला किती?”

“चार,” अण्णा म्हणाले.

“चार हजार.” त्यानं टाइप केलं.

“चार.”

“ओके. आणि पुढच्या महिन्यात?”

“एकही नाही.”

त्या मुलानं मग ज्या हळुवारपणे लॅपटॉप मिटला, त्यावरून तो घरी वडीलधाऱ्यांशी नीट वागत असणार. त्याचंही चुकलं नव्हतं. कारखान्यातलं अलॉय व्हील पोलादी डायमध्ये खालून दाबानं धातू चढवून ओततात. त्या एका डायचा खर्च हजारो चाकांवर वाटला तरच चाक परवडतं. चार चाकांवर वाटला तर एका चाकाच्या किमतीत स्पिटफायर येते. पण परतताना नाशिक रस्त्यावर दोन्ही बाजूंनी नव्या चाकांनी भरलेले ट्रक चालले होते, ते काही अण्णांना पाहवेना.

“वाळूत ओतू,” ते म्हणाले. मला ते त्यांचं दुसरं लग्न ठरल्यासारखं ऐकू आलं, इतके ते खूष होते.

आता डिझाइन. हा विषय घरात निघाला आणि प्रत्येकाला मत फुटलं. ताई म्हणाल्या, पाच पाकळ्यांचं करा. हे अण्णांना मनातून आवडलं, कारण पोर्शेचं प्रसिद्ध फुक्स चाक पाच पाकळ्यांचंच आहे. हाइनरिश क्ली नावाच्या माणसानं ते घडवलं आणि १९६० च्या दशकात ते ९११ एसवर आलं. भाच्यानं सुचवलं अशोकचक्र, आरे चोवीस. त्यावर ताईंनी चार चाकांत मिळून शहाण्णव फटी होतात आणि त्या कोण पुसणार, असा प्रश्न विचारून तो ठराव जागीच मारला. अण्णा स्वतः बुगाटीचे भक्त. बुगाटीनं १९२४ साली ‘टाइप ३५’ ही शर्यतीची गाडी आणली, तिच्या चाकाला आठ चपटे आरे होते आणि ब्रेकचा ड्रम चाकाबरोबरच ओतलेला होता. “शंभर वर्षं झाली, अजून त्यात एक रेघ कमी करता येत नाही,” असं ते सांगतात. खरं आहे. मी फोटो पाहिला आहे. ते चाक पाहिल्यावर बाकीची चाकं उगाच नटल्यासारखी वाटतात.

पण आरे आठ की पाच, हा आवडीचा मामला नव्हता, आणि इथे अण्णांची खरी झोप उडाली. पॅटर्नमेकर लोकांचा जुना दंडक असा, की ओतीव चाकाला आरे विषम ठेवावेत. धातू थंड होताना आकसतो. समसंख्या असेल तर प्रत्येक आऱ्यासमोर बरोबर दुसरा आरा येतो, दोघं एका रेषेत मधल्या तुंब्याला आपापल्याकडे ओढतात आणि जो दुबळा तो तडकतो. विषम असले तर समोर फट असते, तिथला काठ थोडा लवतो, भांडण मिटतं. जुन्या गिरणीतल्या पट्ट्याच्या पुल्या पाहा, आरे बहुधा विषम, नाहीतर वाकडे. म्हणजे पाच हवेत. पण बोल्ट चार! पाच आरे आणि चार बोल्ट कुठल्याही कोनात फिरवा, एखादा बोल्ट आऱ्याखाली जातोच आणि चाक तिरळं दिसतं. पोर्शेला पाच बोल्ट आहेत, त्यांचं बरं चाललंय.

“मग आरे आठ, पण जरा वाकडे करा,” मी म्हणालो. निवृत्त बँक कर्मचाऱ्याला यापेक्षा जास्त सुचत नाही.

अण्णा थांबले. कागदावर काढून पाहिलं. मग म्हणाले, “वाकडे केले की चपलांसारखं डावं-उजवं आलं. डाव्या बाजूचे आरे पुढे धावणार, उजवीकडचे मागे. दोन पॅटर्न करावे लागतील.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू गेली तीस वर्षं मी त्यांच्याकडे चुकून जेवायला येत होतो आणि माझा उपयोग आज कळला होता.

शेवटी आठ सरळ आरे ठरले. सांध्यांत गोलाई भरपूर, जाडी कुठेही एकदम बदलायची नाही आणि साचा सावकाश निववायचा. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून जुनं, मुरलेलं सागवान आणलं आणि अण्णांनी कपाटातून आपली पट्टी काढली.

या पट्टीबद्दल आमच्या घराण्यात कडवट आठवणी आहेत. ॲल्युमिनिअम थंड होताना सुमारे १.३ टक्के आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशोब नको म्हणून पॅटर्नमेकर मुळातच ताणलेली पट्टी वापरतो. दिसायला साधी, फूट लिहिलेला असतो, पण तो फूट एका फुटाहून मोठा. आमच्या लग्नात अण्णांनी स्वतः बनवून दिलेला दिवाण याच पट्टीनं मोजलेला असावा. सहा फुटांच्या गादीशेजारी तिथे जवळजवळ इंचभर फट राहते आणि घरात हरवलेली प्रत्येक वस्तू शेवटी त्या फटीत सापडते. उलट चाकांच्या जगात गंमत अशी, की तेरा इंची रिम तेरा इंचांची नसतेच. तेरा इंच म्हणजे ३३०.२ मिलिमीटर, टायर जिथे बसतो तिथला व्यास ३२९.४. अण्णांनी हे मला समजावून सांगितलं तेव्हा माझ्या मनात त्या दिवाणाबद्दलची अढी थोडी कमी झाली.

ओतणारा माणूस भोसरीत मिळाला. मूळचा कोल्हापूरचा, म्हणजे फाउंड्रीच्या गावचा. त्यानं पॅटर्न हातात घेतला, उलटासुलटा केला, आऱ्यांच्या सांध्यांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “कवा पायजे?” महिन्याला किती, हे विचारलं नाही. अण्णांना इतकं भरून आलं, की त्यांनी पावसाळा संपेपर्यंत ओतायचं नाही असं स्वतःच सांगितलं. वितळलेलं ॲल्युमिनिअम हवेतल्या ओलाव्यातून हायड्रोजन पितं आणि गोठताना ओकून टाकतं, त्याची भोकं, म्हणजे पोरोसिटी, चाकात राहतात. खंडेनवमीला तिथल्या लेथना झेंडूचे हार पडले, आमच्या पॅटर्नला कुंकू लागलं आणि दसऱ्यानंतर सातशे अंशांच्या आसपास तापलेला रस साच्यात गेला. मिश्रधातू ए३५६, त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन. बघताना पातळ आरशासारखं काहीतरी वाहतं, आणि शेजारी माझा साडू दिवाळीतल्या पोरासारखा कानांवर हात ठेवून उभा होता, आवाज अजिबात नसताना.

पुढची पायरी उष्णतेची. आधी ५४० अंशांच्या भट्टीत काही तास, मग पाण्यात बुडवणं, मग १६० अंशांच्या आसपास पुन्हा काही तास. शेवटचा आकडा ऐकून अण्णांची नजर ताईंच्या केकच्या ओव्हनकडे गेली. ताईंनी एकच वाक्य उच्चारलं. पासपोर्टविषयी होतं. चाकं हीट ट्रीटमेंटवाल्याकडे गेली.

नंतर तपासणी. अलॉय व्हीलसाठी आपल्याकडे मानक आहे. चाक वळणाच्या ताणाखाली फिरवत ठेवतात, भार देऊन पळवतात आणि १३ अंशांत तिरपं ठेवून त्यावर २३० मिलिमीटरवरून वजन आपटतात. प्रयोगशाळेत ते एकदा आपटतात. सिंहगड रस्त्यावर किती वेळा, त्याचं मानक नाही. अण्णांनी स्वतःच्या चाकांना माफी दिली नाही. एक जास्तीचं चाक मुद्दाम आपटून, कापून पाहिलं. उरलेल्यांचे एक्स-रे काढले. ते एक्स-रे घेऊन ते आमच्याकडे आले तेव्हा टेबलावर माझ्या मणक्याचा एक्स-रे होता. अण्णांनी तो खिडकीशी धरला, बराच वेळ पाहिला आणि गंभीरपणे म्हणाले, “यात पोरोसिटी आहे. हा मी पास केला नसता.”

कायद्याचंही पाहावं लागतं. जुन्या गाड्यांसाठी केंद्रानं २०२१ साली नियम केले: पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं आणि नोंदणीला वीस हजार. म्हणून मूळची पोलादी चाकं तेल लावून जपून ठेवली आहेत, तासाभरात परत चढवता येतात. अशी गाडी रोजच्या वापरात आणायची नाही, असंही त्या नियमांत आहे. स्पिटफायर हा नियम तो निघायच्या कितीतरी आधीपासून स्वतःहून पाळत आली आहे.

गाडी आता त्या चाकांवर उभी आहे, बऱ्याचदा चालतेही. लेथवर काढलेली कड उन्हात चमकते, आरे आतून राखाडी, मधे ट्रायम्फचं जुनं झाकण. सिग्नलला परवा एक स्कूटरवाला थांबला, चाकांकडे पाहून म्हणाला, “कंपनीची वाटतात.” एका पॅटर्नमेकरला यापेक्षा मोठी शिवी आणि यापेक्षा मोठी शाबासकी दुसरी नाही, आणि अण्णा दोन्हींनी दिवसभर फुगले होते. माझं मत विचाराल तर पुण्यातली सगळ्यात देखणी चार चाकं ती आहेत. बुगाटी इथे येत नाही म्हणून.

एक सांगायचं राहिलं. तो सागवानी पॅटर्न सध्या आमच्या माळ्यावर आहे, कारण अण्णांचा माळा हेराल्डच्या दारांनी भरला आहे. वर्तुळ ९५.२५ मिलिमीटरचं, म्हणजे हेराल्डला ही चाकं जशीच्या तशी बसतात. पुण्यात कोणाकडे चालू, बंद किंवा कोंबड्या राहत असलेली हेराल्ड असेल तर पॅटर्न खुशाल घेऊन जा. ओतून झाल्यावर परत आणायची घाई नाही. आमच्या घरच्यांचं तर म्हणणं आहे, आणूच नका.