आधी रस्ता सांधा

'अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत सिमेंट काँक्रीट रस्ता करणे.' ग्रामीण रस्त्यांच्या मंजूर कामांची यादी काढा, अशी ओळ हटकून सापडेल. एकाच वाटेचा एक तुकडा 2515 या लेखाशीर्षातून, दुसरा आमदार निधीतून, तिसरा जिल्हा नियोजनच्या 3054 या लेखाशीर्षातून. अंदाजपत्रक वेगळं, ठेकेदार वेगळा, नारळही वेगळा. मधली मोरी मात्र कुणाच्याच अंदाजपत्रकात नसते. पहिल्या जोराच्या पावसात रस्ता तिथेच तुटतो आणि शाळेची पोरं, दुधाची गाडी, बाळंतीण सगळी अलीकडेच अडकतात.

म्हणून छोटी कामं एकत्र करा, या मागणीला माझा पाठिंबा आहे. तीनशे मीटरच्या डांबरी तुकड्यासाठी कुणी हॉटमिक्स प्लांट जवळ आणून उभा करत नाही. लांबून आलेला माल वाटेतच निवतो, मग रोलर कितीही फिरवा, तो नीट दबत नाही. चार-पाच किलोमीटरचं सलग काम असेल तर यंत्रं येतात, मालाची तपासणी होते, पाण्याला वाट कुठून द्यायची याचाही एकदाच विचार होतो. 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत हेच केलं. रस्त्यांचं जाळं आधी कागदावर ठरवलं, मग वस्त्या जोडायला घेतल्या आणि पाच वर्षांची देखभाल त्याच ठेकेदाराच्या करारात घातली. तीन ठेकेदारांनी तीन वर्षांत केलेल्या तुकड्यांचा जाब विचारायचा तरी कुणाला?

पण एकत्रीकरणाच्या नावाखाली दुसराच प्रकार चालतो, त्याचा संताप येतो. तालुक्याच्या दोन टोकांची, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली कामं एका निविदेत बांधायची. ठेकेदार त्याला 'क्लबिंग' म्हणतात. रक्कम फुगली की मोठी नोंदणी आणि मोठी उलाढाल असलेलाच निविदा भरू शकतो. छोटी कामं 33:33:34 या प्रमाणात वाटायची, हे आपल्या राज्याचं धोरण. पहिला वाटा सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांचा, दुसरा मजूर सहकारी संस्थांचा, उरलेला खुल्या स्पर्धेचा. कामं बांधून मोठी केली की पहिले दोन्ही वाटे अलगद तिसऱ्यात जातात. मग डिप्लोमा करून गावात राहिलेला पोरगा तेच काम मोठ्या ठेकेदाराकडून पोटठेक्यावर, पडेल दरात घेतो. मधल्या माणसाचा हिस्सा कुठून निघतो? डांबराच्या थरातून. वर बिल वेळेवर निघालं नाही की मोठा ठेकेदार वर्षभर थांबू शकतो, हा पोरगा महिनाभरही नाही. खडीवाला दारात येऊन बसतो.

कामं कधी जोडावीत याची कसोटी निविदेतच असते. 'कि.मी. 0/000 ते 4/500' असं सलग लिहिता येत असेल तर खुशाल एक करा. पाच गावांची पाच वेगळी नावं लिहावी लागत असतील, तर ती कामं वेगळीच ठेवा आणि ज्यांच्या वाट्याची आहेत त्यांना द्या. लेखाशीर्षं वेगळी, म्हणून सलग काम करता येत नाही, ही सबब कार्यालयं नेहमी पुढे करतात. अडचण खरी आहे, पण ती सोडवण्याची जागाही आहे. जिल्हा नियोजन समितीत पालकमंत्री बसतात, आमदार बसतात, जिल्हाधिकारी बसतात. कुठल्या वर्षी कुठला रस्ता टोकापासून टोकापर्यंत पुरा करायचा आणि त्यावर कुठला निधी घालायचा, हे तिथे आधी ठरू शकतं. रस्ते जोडले तरी साईडपट्ट्या भरणं, गटारं उपसणं, झुडपं तोडणं ही वर्षाची कामं मजूर संस्थांकडे राहू द्या.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत कामांची यादी वाचून दाखवतील. त्या वेळी गावकऱ्यांनी रस्त्याचा नकाशा मागावा. कुठला तुकडा कुठल्या निधीतला, कुणी केला, त्याची जबाबदारी कुठल्या तारखेपर्यंत, हे त्यावर लिहून घ्यावं. आणि मोरी कुणाच्या अंदाजपत्रकात आहे, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना सगळ्यांसमोर विचारावं.